पहिलं नाव सावळाईचं

आपल्या पणजोबांच्याही पणजोबांच्या वेळची ही गोष्ट. बोरगव्हाणात सावळाई नावाची सुईण होती. अख्खं गाव तिच्याच हातावर जन्माला आलेलं. ती उंबऱ्यात आली की अडलेली बाई सुटायची, असं म्हणतात.

त्या साली सरकारने पहिलीवहिली खानेसुमारी काढली. कुणाच्या घरी माणसं किती, ते लिहायला कारकून आला. आता मोजलेल्या लेकराला नजर लागते, हे काय नव्याने सांगायला हवं? कुणी पोरं कणगीत दडवली, कुणी मामाकडे पिटाळली. पारूला सात लेकरं, पण तिने बेधडक सांगितलं, "दोनच हायेत." कारकुनाने एकशेबारा माणसं लिहिली आणि तो निघून गेला.

पुढच्याच वर्षी दुष्काळ पडला. सरकारी धान्य आलं, पण कागदावरच्या माणसांपुरतंच. पारूच्या घरी दाणे चौघांचे आणि खाणारी तोंडं नऊ! गावाने कारकुनाला परत बोलावलं. तो म्हणाला, "पोरं समोर आणा, लिहितो." तरी एकही आई लेकराला पुढे करीना. भूक परवडली, पण नजर नको.

तेव्हा सावळाई काठी टेकत पुढे आली.

"पयलं मला लिव्ह, बाबा. नजर पयल्यालाच लागती. लागंल ती मला लागू दे. मंग समदी माजी लेकरं लिव्ह."

मग ती एकेकाला नावाने हाका मारत सुटली. ती हाक तीन कोसांवर गेली आणि मामाकडची पोरंही धावत आली, असं म्हणतात. शेवटचं पोर लिहून होईतो सूर्य डोंगरावर थांबून राहिला. माणसं भरली तीनशे सहा.

धान्य वाढून आलं. पारूची सातही जगली. सावळाई मात्र आठवड्याच्या आत गेली. शहाणे म्हणतात, म्हातारी होती, उपाशी होती. गाव म्हणतं, नजर तिने घेतली. मला विचाराल तर दोन्ही खरं. अशी माणसं आता कुठली हो!

आजही शिरगणतीला शाळेतल्या बाई येतात, तेव्हा बोरगव्हाणात पहिलं नाव सावळाईचं सांगतात. बाई नवीन असल्या तर विचारतात, "यांचं वय काय?"

घरातली म्हातारी म्हणते, "ते ऱ्हाऊ द्या. आधी तिचं नाव घ्या, मंग माजी नातवंडं मोजा."