फुगलेली जमीन आणि सादळलेले चुरमुरे

फार पूर्वी डोंगरांच्या आडोशाला एक राज्य होतं आणि तिथल्या राजकन्येला प्रश्न विचारायची खोड होती. मोठी झाली की जाईल, असं वडीलधारे म्हणत. ती मोठी झाली, खोड काही गेली नाही.

राजाने एका म्हाताऱ्या सुताराकडून दरबारात सागवानी फळ्यांची जमीन घालून घेतली. गोटी ठेवली तर जागची हलणार नाही, इतकी सपाट. मग वैशाख आला. ऊन सोसेना म्हणून दारा-खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावले, त्यांच्यावर दिवसभर पाणी मारलं, आत पाण्याचे रांजण मांडले. छान गारवा झाला. पण थोड्याच दिवसांत फळ्या फुगून एकमेकींना रेटू लागल्या, त्यांच्या कडा वर आल्या आणि भर दरबारात प्रधान ठेचकाळून पडले.

लाकूड फुगतं ते पावसाळ्यात, हे शेंबडं पोरही जाणतं, असं प्रधान म्हणाले. वैशाखात फुगलं, म्हणजे सुताराने ओलंच लाकूड घातलं. राजाने मान डोलावली. सुताराला राज्याबाहेर घालवायचं ठरलं. लाकूड वाळवलेलंच होतं, असं तो हात जोडून सांगत राहिला. पण मग ते फुगलं का, हे त्यालाही सांगता येईना.

राजकन्या विचारात पडली. बाहेरच्या सज्जातही याच सुताराने याच झाडाच्या फळ्या घातल्या होत्या आणि त्या सपाट होत्या. मग दरबारात वेगळं काय? तेवढ्यात राजाचे दुपारचे चुरमुरे आले आणि रोजची कुरकुर सुरू झाली: पुन्हा सादळलेले, आचारी कामचुकार आहे.

राजकन्येने मुदपाकखान्यातून ताजे चुरमुरे आणले. एक वाटी सज्जात ठेवली, एक दरबारात. संध्याकाळी सज्जातले कुरकुरीत होते, दरबारातले चिवट.

"प्रधानकाका, भर वैशाखात चुरमुरे सादळतात कसे?"

"आचाऱ्याला विचारा, ताईसाहेब."

"विचारलं. बाहेर पाऊस नाही, पण या पडद्यांनी आपण तो आत आणलाय. इथल्या हवेतलं पाणी चुरमुरे पितात, तसं लाकूडही पीत असेल."

"आमचे केस उगाच पिकलेले नाहीत."

"नसतील. पण चुरमुरे खाऊन बघा."

राजाला हसू आलं, पण गारवा सोडवेना. प्रधानांना तर रंधा मारून जमीन लगेच सपाट हवी होती. शेवटी राजकन्येने मागणं मागितलं: अर्ध्या जमिनीला रंधा मारा, अर्धी तशीच ठेवा, पडदे आणि रांजण काढा, आणि निकाल लागेपर्यंत सुताराला राहू द्या.

राजाने ओल्या पडद्यांकडे पाहिलं. दाराशी बोचकं घेऊन उभ्या असलेल्या सुताराकडे पाहिलं.

"काढा पडदे," तो म्हणाला.

दरबार घामाने निथळला. हवा कोरडी होत गेली तशा फळ्या आकसल्या. हात न लावलेली अर्धी जमीन आपोआप सपाट झाली. दुसऱ्या अर्ध्या भागात मात्र वर आलेल्या कडा रंध्याने छाटल्या गेल्या होत्या. फळ्या सुकल्या तशा त्या कडा खोल गेल्या आणि प्रत्येक फळीला मधोमध कुबड आलं.

राजाने सुताराची माफी मागितली, आचाऱ्याचीही. बिघडलेली अर्धी जमीन त्याने बदलू दिली नाही. तिथे प्रधानांचं आसन मांडलं. ते रोज डुगडुगतं, आणि कोणावर ठपका ठेवण्याआधी प्रधान आता हळूच विचारतात, "असं का बरं झालं असेल?"

तात्पर्य: चूक कोणाची हे ठरवण्याआधी ती का झाली हे शोधावं; आणि ते शोधणारा वयाने लहान असला, तरी मोठ्यांनी त्याचं ऐकावं.