भुजंगच्या गाडीतला आवाज

उदगीरच्या पलीकडं, जिथं एसटी येते पण थांबेलच असं नाही, अशा एका गावात भुजंग नावाचा एक भोळा माणूस राहत होता. नाव भुजंग, पण मुंगीलासुद्धा "सरक बाई" म्हणून पुढं जाणारा. खोड एकच. सांगितलेलं कधी विसरायचा नाही. विसरला असता तर गावाचं भलं झालं असतं.

त्याची बायको केशर गरोदर होती. नववा लागला होता. तिचं माहेर पार डोंगरात, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच करायचं ठरलं. दवाखाना उदगीरला. भुजंगची आई प्रयागबाई म्हणाली, "ऐन वेळी कुणाच्या दारात गाडी मागत फिरणार? जुनी का होईना, एक गाडी आण. माझी सून वेळेवर पोचली पाहिजे."

"बरं आई," भुजंग म्हणाला.

ट्रॅक्टर चालवायची सवय होती, त्यामुळं गाडी चालवायचं भय नव्हतं. तो उदगीरला मन्मथशेठकडं गेला. शेठ जुन्या गाड्या विकायचा. तिथं एक लाल गाडी उभी होती. भुजंगनं तिला मिठीच मारली.

"शेठ, हीच! ही नाही मिळाली तर मी जेवणार नाही!"

शेठनं तिथल्या तिथं भाव वाढवला. भुजंग हात हलवत परत आला.

आईनं कपाळाला हात लावला. "अरे येड्या, आवडलं तरी दाखवायचं नसतं. नाक मुरडायचं नि म्हणायचं, ठीक आहे, आणखी दोन ठिकाणी बघून सांगतो."

"बरं आई."

दुसऱ्या दिवशी त्याची सासू लेकीला भेटायला आली. मायेनं पुरणपोळ्या केल्या. भुजंगला वाढून विचारलं, "आवडली का जावईबापू?"

आवडली म्हणजे काय! आठवी पोळी चालली होती. पण आईचं सांगणं. भुजंगनं नाक मुरडलं.

"ठीक आहे. आणखी दोन ठिकाणी बघून सांगतो."

सासूबाईंनी पिशवी उचलली आणि मिळेल त्या वाहनानं माहेरचा रस्ता धरला. त्यांचं माहेर नव्हे, केशरचं. केशर रडून रडून म्हणाली, "अहो, समोरच्याला वाईट वाटेल असं वागू नये माणसानं! काही खोट दिसली तरी गुपचूप झाकावी."

"बरं केशर."

भुजंग परत उदगीरला गेला. लाल गाडी अजून तिथंच होती. दार उघडून बघतो तर खालचा पत्रा गंजलेला, आणि मध्ये एवढं मोठं भोक की खालची माती दिसत होती. भुजंगनं इकडंतिकडं पाहिलं. शेठ बघत होता. बिचाऱ्याला काय वाटेल! भुजंगनं खांद्यावरचं उपरणं काढलं, भोकावर नीट पसरलं आणि म्हणाला, "चांगली आहे हो गाडी. घेतो."

गंज झाकायला शेठनं जन्मभर स्वतः रंग मारला होता. गिऱ्हाईक झाकतंय हे तो पहिल्यांदाच बघत होता. त्याला मनापासून लाज वाटली. त्यानं भाव उतरवला आणि वर म्हणाला, "महिन्याभरात काही झालं तर माझ्याकडं आण. मी बघतो."

गावी येताना गाडी अशी खडखडली की पुढच्या वळणावरची शेरडं आधीच पळाली. भुजंगनं ती वाटेतल्या जब्बार मिस्त्रीकडं नेली. जब्बारनं भोकावर पत्रा मारला, चार ठिकाणी पान्हा फिरवला आणि दम भरला.

"हे बघ, आता पुन्हा आतनं आवाज आला, तर पुढं न्यायची नाही. कुठंच न्यायची नाही. सरळ शेठच्या दारात!"

"बरं मिस्त्री."

आठवडा गेला आणि एका सकाळी केशरला कळा सुरू झाल्या. प्रयागबाईची धांदल उडाली. "तू हिला पोचव नि मला न्यायला ये. तोवर मी बाळाचे कपडे काढून ठेवते, पाणी भरते. पळ!"

केशर मागच्या सीटवर. गाडी निघाली. काय चालली म्हणता! लोण्यासारखी. पण उदगीर जवळ आलं आणि केशर ओरडली, "आई गं!"

भुजंगनं कान टवकारले. "गाडीतनं आवाज येतोय."

"अहो, मी ओरडतेय!"

"तू ओरडतेस, पण गाडीतनंच ना?"

बोला आता! डावीकडं दवाखाना होता. भुजंगनं गाडी उजवीकडं घातली.

"शेठ," दारात गाडी लावून तो म्हणाला, "आतनं आवाज येतोय. महिना व्हायचाय अजून."

शेठनं मागचं दार उघडलं. "अरे देवा! सोड, मी बघतो!" त्यानं केशरला धरून आपल्या पांढऱ्या गाडीत बसवलं, आणि चप्पलसुद्धा न घालता दवाखान्याकडं सुसाट सुटला.

भुजंग मागं राहिला. त्यानं लाल गाडी चालू केली. कान देऊन ऐकलं. आवाज गेला होता! तो शीळ घालत घरी आला.

प्रयागबाई पिशवी घेऊन दारातच उभी होती. "पोचवलंस?"

"पोचवलं."

"डॉक्टरीण काय म्हणाली?"

"डॉक्टरीण कुठली? मन्मथशेठ होता. लई सज्जन माणूस, आई! गाडीतला आवाज काढून घेतला, एक रुपया मागितला नाही."

प्रयागबाईनं त्याचं बखोट धरलं. "माझी केशर कुठाय रे?"

इतक्यात भुजंगचा फोन वाजला. शेठ होता. इतका मोठ्यानं बोलत होता की प्रयागबाईलाही ऐकू गेलं. "भुजंगा, वेळेवर पोचलो रे! मुलगी झाली! दोघी खुशाल आहेत! ही ऐक!"

त्यानं फोन बाळाजवळ धरला. बाळानं टाहो फोडला.

भुजंगच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. इतका गोड आवाज त्यानं उभ्या जन्मात ऐकला नव्हता. फोनला मिठी मारावी, अंगणात नाचावं असं त्याला वाटलं. न बघताच लेक त्याला भयंकर आवडली. आणि भयंकर आवडली म्हणूनच त्याला आईचं सांगणं आठवलं.

त्यानं डोळे पुसले. नाक मुरडलं.

"ठीक आहे शेठ," तो म्हणाला. "आणखी दोन ठिकाणी बघून सांगतो."