अर्धी गोळी

"धर्म केला, मग रोग का वाढला, बुवा?"

सर्जेराव पाय न धुताच मठात शिरला होता. त्याची बायको कौसल्या उंबऱ्याशीच थांबली.

गिरीबुवांनी मान वर केली.

"कसला धर्म?"

"दोघांनाही एचआयव्ही आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. गोळी मला एकट्याला मिळते. ती रोज मोडून अर्धी हिला देतो. जिवातला अर्धा वाटा दिला, बुवा! असा नवरा दाखवा पंचक्रोशीत."

"त्या गोळीत असतं काय?"

"तीन औषधं. एकाला रोग चकवतो. तिन्ही एकदम अंगावर गेली की त्याला वाट उरत नाही. मरत नाही, पण दबून राहतो. माझा दबला होता. तपासणीत दिसतसुद्धा नव्हता. आता पुन्हा वर आलाय..."

बुवांनी आपली काठी जवळ ओढली. काठीशिवाय त्यांना अंगण ओलांडता येत नसे. कोयता घेऊन त्यांनी तिचे मधोमध दोन तुकडे केले. एक सर्जेरावला दिला, एक कौसल्येला.

"गवतात नाग आहे. जा, मारा."

सर्जेराव हसला.

"एवढ्याशा दांडक्यानं? मारायला वाकलो की तोच हाताला डसेल. आणि अर्धमेला सुटला तर डूख धरेल. मग पुरी काठी आणली तरी..."

तो थांबला. हातातल्या तुकड्याकडे बघत राहिला.

"बोल ना," बुवा म्हणाले.

सर्जेरावने तुकडा खाली ठेवला.

"हिला तिची वेगळी गोळी देत नाहीत?" बुवांनी विचारलं.

"देतात. फुकट देतात. पण दवाखान्यात नाव सांगावं लागतं, रांगेत बसावं लागतं. गावातलं कुणी बघितलं तर? मी तोंडाला टॉवेल गुंडाळून जातो. बाईमाणसानं तिथं बसायचं म्हणजे... हिची अब्रू आहे, बुवा."

"मी कधीची तयार आहे," उंबऱ्यावरून कौसल्या म्हणाली. "हेच नको म्हणतात."

सर्जेराव गर्रकन वळला. "तू गप गं!"

तिने मान खाली घातली नाही.



मग बुवा तिला म्हणाले, "बाई, उद्या दवाखान्यात जाताना यालाही घेऊन जा. घरी एकटा राहिला तर घाबरेल."