आकड्यांवरच्या पट्ट्या

एका अभियांत्रिकी महाविद्यालयात हेमांगी नावाची एक विद्यार्थिनी शिकत होती. मेकॅनिक्सच्या पेपरात ती दोनदा नापास झालेली. पहिल्या वर्षाचा हा एक विषय या खेपेलाही सुटला नाही, तर तिसऱ्या वर्षाचा प्रवेश अडणार होता. आळस म्हणावा, तर तोही नाही. पिढ्यानपिढ्या अभ्यासल्या गेलेल्या त्या जाडजूड ग्रंथातली सोडवलेली उदाहरणं तिला तोंडपाठ होती. पण पाठ करणाऱ्याला परीक्षक नेमके आकडे बदलून गाठतात.

शेवटी ती निवृत्त प्राध्यापक सबनीस सरांकडे गेली. सरांनी पुस्तक ठेवून घेतलं आणि दोन दिवसांनी परत दिलं. उघडून पाहते तर काय, एका अख्ख्या प्रकरणात आकड्यांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवलेल्या. परीक्षा दहा दिवसांवर आलेली. तिनं पुस्तक तसंच उघडं सरांपुढे धरलं.

“सर, वजन नाही, कोन नाही, लांबी नाही. सोडवू काय?”

“मग उरलंय काय?”

“गुळगुळीत भिंतीला टेकवलेली शिडी.”

“तिच्याकडेच बघ. तिच्यावर कोण कोण जोर लावतंय, तेवढे बाण काढ.”

नाइलाजानं तिनं नुसती शिडी काढली. वजनाचा बाण खाली, जमिनीचा वर, भिंतीचा आडवा. घर्षणापाशी मात्र पेन्सिल अडली. ती दिशा तिनं आजवर पाठच केली होती. तिनं डोळे मिटले आणि शिडी घसरताना मनात पाहिली. शिडीचा पाय भिंतीपासून दूर सरकू पाहत होता. म्हणजे घर्षण त्याला भिंतीकडे ओढून धरणार. तिनं बाण काढून सरांकडे पाहिलं. सरांनी मान डोलावली.

“आकडे दिसले की तू सूत्र शोधत धावत सुटायचीस,” ते म्हणाले. “शिडी बिचारी मागेच राहायची. आधी वस्तू पाहावी, तिला कोण ढकलतंय आणि कोण सावरतंय ते ओळखावं. मग आकडे कोणतेही येवोत, ते आपापल्या जागी जाऊन बसतात.”

“म्हणजे सर, मी मठ्ठ नाहीये?” तिनं विचारलं. गेलं वर्षभर ती हाच प्रश्न मनात घेऊन वर्गात बसत होती.

“मठ्ठ असतीस तर शिडी घसरताना दिसलीच नसती. घाबरली होतीस, एवढंच.”

हेमांगीला एकदम हलकं वाटलं. तिनं डोळे पुसले आणि कुणी न सांगताच पुढच्या उदाहरणाचं चित्र काढायला घेतलं.