राजाची दाढ आणि फेकलेली लवंग

एक होता राजा. वाघाला भ्यायचा नाही, पण जिभेपुढे त्याचं काही चालायचं नाही. त्याला सारखा गुलकंदाचा विडा लागायचा. विडे करायची द्वारकी. पान लावायची, घडी घालायची, ती सुटू नये म्हणून वर एक लवंग टोचायची. राजा काय करायचा, लवंग उपटून खिडकीतून खाली फेकायचा आणि विडा गालात धरून तसाच झोपायचा. चूळसुद्धा भरायचा नाही, बरं का.

मग व्हायचं तेच झालं. एके सकाळी राजाची दाढ ठणकायला लागली. गाल पुरीसारखा टम्म फुगला. राजानं खापर फोडलं द्वारकीवर. म्हणाला, "तुझ्या विड्यांनीच हे झालं. तीन दिवसांत ठणका थांबव, नाहीतर राज्य सोडून चालती हो." द्वारकी बिचारी एकटी. अंगणातल्या पानवेलीशिवाय तिला कुणी नव्हतं, आणि वेल काही काखेत मारून नेता येत नाही.

पहिल्या दिवशी तिनं मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या दिल्या. घटकाभर बरं वाटलं, मग पुन्हा ठणका सुरू. दुसऱ्या दिवशी मांत्रिक आणला. त्यानं राख फुंकली, राजाला शिंका आल्या, आणि दर शिंकेला दाढेतून कळ गेली. तिसऱ्या दिवशी द्वारकी खिडकीखाली जाऊन रडत बसली.

तर मातीतून बारीक आवाज आला, "रडू नकोस गं." बघते तर लवंग. म्हणाली, "मी थांबवते ठणका. पण ज्यानं मला फेकलं, त्यानंच वाकून उचलायला हवं."

आता राजाला हे सांगायचं कुणी? शेवटी द्वारकीनंच जाऊन सांगितलं. राजा आधी भडकला. मग दाढेनं अशी कळ मारली की निमूट जिना उतरला, सगळ्यांदेखत वाकला आणि लवंग उचलली. द्वारकीनं ती धुऊन दिली. राजानं दाढेखाली धरली, आणि हळूहळू ठणका थांबला.

राजा खूश. म्हणाला, "झालो बरा. आण विडा."

तर दाढेखालून लवंग म्हणाली, "बरा कसला? मी दुखणं नुसतं निजवलंय. कीड आतच आहे. वैद्याला बोलाव."

मग वैद्य आला आणि त्यानं किडकी दाढ काढली. अजूनही दाताचे डॉक्टर लवंगेचं तेल वापरतात, बरं का. पण दात किडला तर जावं लागतं त्यांच्याकडेच.

राजा द्वारकीला म्हणाला, "चूक माझी, आणि घालवत होतो तुला." फार वाईट वाटलं त्याला. द्वारकी आपल्या वेलीपाशी राहिली. राजा जेवणानंतर एकच विडा खाई, लवंगेसकट, आणि मग चूळ भरी. सगळे सुखात राहिले.

आणि हे बघा, कुणाच्या गालात अजून लिमलेटची गोळी आहे, ते मला इथून ऐकू येतंय. ऊठ, थुंकून ये. चूळ भर. आणि मग ये माझ्या कुशीत झोपायला.