सगळे चौकोन हिरवे

“मग आता तो संगणकाचा पडदा कोण बघतं?” सारंगचाचांनी विचारलं.

“कोणीच नाही,” विराज म्हणाला. “बघायची गरजच उरली नाही, चाचा.”



दाऊद सारंग यांचा सगळा जन्म खाडीच्या तोंडावरच्या खडकांवर लावलेल्या दिव्यांमागे गेला होता. आधी त्या दिव्यांवर माणसं असायची. पुढे माणसं गेली, प्रत्येक दिव्याशी एक छोटा संगणक बसला आणि आपल्या नोंदी किनाऱ्यावरच्या या कचेरीत पाठवू लागला. त्या नोंदींच्या फायली कशा वाचायच्या, त्या आपोआप तपासणारी स्क्रिप्ट कशी चालवायची, हे विराज कुबलला चाचांनीच शिकवलं. निवृत्त झाले तरी त्यांचा पाय इथून सुटला नव्हता. सकाळी यायचे आणि होड्यांशी बोलायच्या वायरलेसचे हेडफोन कानाला लावून कोपऱ्यात बसायचे.

आज विराज भलताच खुशीत होता. त्याची नवी स्क्रिप्ट सगळ्या दिव्यांच्या फायलींतून एकाच वेळी फिरत होती. कुठे ‘एरर’ हा शब्द दिसला रे दिसला, की त्या दिव्याचा चौकोन लाल होऊन भोंगा वाजणार. नाही दिसला तर हिरवा. आठवडा झाला, भोंग्याने तोंड उघडलं नव्हतं. गड्याची छाती कशी फुगली होती म्हणून सांगू.

“आणि तासातासाची ओळ?” चाचांनी विचारलं.

“ती स्क्रिप्टला वगळायला सांगितली. नुसता कचरा होता तो.”

ती ओळ म्हणजे ‘दिवा आहे’. प्रत्येक दिवा दर तासाला एवढंच लिहायचा. ही ओळ चाचांनीच घातली होती, हे विराजला पक्कं ठाऊक होतं, आणि तरीही तो कचरा म्हणाला. जुन्या काळी खडकावरचा राखणदार रोज तिन्हीसांजेला वायरलेसवर येऊन ‘आहे’ एवढाच शब्द बोलायचा. ज्याचा शब्द आला नाही त्याच्याकडे होडी निघायची; का आला नाही, ते कोणी विचारत बसायचं नाही. ही हकीकत चाचांनी विराजला कितीदा तरी ऐकवली होती. म्हाताऱ्या माणसाच्या आठवणी म्हणून त्याने ती ऐकली आणि सोडून दिली.

बाहेर धुकं इतकं दाट होतं, की खिडकीखालचा धक्कासुद्धा दिसत नव्हता. समुद्राचा आवाजही येत नव्हता.

विराजला त्याचं काही वाटलं नाही. सकाळी वहिनीचा फोन आला होता. दादाची होडी उजाडायच्या आत खाडीत शिरायची होती, म्हातारीच्या खडकावरचा दिवा डाव्या हाताला ठेवून. अजून आली नव्हती. विराजने तिला हसून सांगितलं होतं, “अगं, सगळे दिवे माझ्या डोळ्यांसमोर आहेत. एकाचीही तक्रार नाही. दादा येतोच आहे, चहा ठेव.”

हेही त्याने चाचांना सांगितलं. मोठ्या रुबाबात सांगितलं.

चाचांनी हेडफोन काढले. गुडघ्यावर हात टेकून उठले, कपाटामागे गेले, आणि दिव्यांकडून नोंदी आणणारी जाडी वायर त्यांनी खटकन उपसून काढली.

“अहो चाचा...”

“बघ,” चाचा म्हणाले. “पडद्याकडे बघ.”

विराजने पाहिलं.

सगळे चौकोन हिरवे.

तो थांबला. आता होईल लाल, मग होईल. काही झालं नाही. बाहेर दिवे उरलेत की नाहीत, समुद्र तरी उरलाय की नाही, पडद्याला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. एकही चौकोन हलला नाही. खोलीत पंख्याची घरघर तेवढी चालली होती, आणि विराजला एकाएकी त्या हिरव्या रंगाची भीती वाटली.

“आता काय दिसतं?”

“सगळं... ठीक.”

“कुठलं सगळं?”

 विराजने चाचांच्या हातातली वायर घेतली, पुन्हा खोचली आणि स्क्रिप्ट बंद केली. मग तो मूळ फायली एकेक करून उघडू लागला. त्यांत ज्याला तो कचरा म्हणाला होता तेच शोधत बसला. उत्तरेच्या टोकाचा दिवा आहे. बंदराचा आहे. जुन्या जेटीचा आहे...

म्हातारीच्या खडकाची फाईल परवाच्या संध्याकाळी संपत होती.

शेवटची ओळ ‘दिवा आहे’. त्याखाली काही नाही. एरर नाही, इशारा नाही, अर्धवट तुटलेला शब्दसुद्धा नाही. दोन रात्री तो खडक काळोखात उभा होता, आणि पडद्यावर त्याचा चौकोन दोन्ही रात्री हिरवागार होता.

चाचांचाही चेहरा उतरला. पोराला एक धडा द्यावा म्हणून ते उठले होते. एवढं त्यांनी मागितलं नव्हतं. त्यांनी लगेच धक्क्यावर फोन लावला, म्हातारीच्या खडकाकडे लाँच सोडायला सांगितली आणि पुन्हा कोपऱ्यात जाऊन हेडफोन चढवले.

विराजने दादाचा फोन लावून पाहिला. लागत नव्हता. पुन्हा लावला.  वहिनीला चहा ठेव म्हणून सांगितलं होतं, तेवढंच डोक्यात फिरत होतं.

खाली लाँचचं इंजिन सुरू झालं. थोडा वेळ ऐकू आलं. मग धुक्याने तेही गिळलं.

विराज चाचांच्या खुर्चीपाशी येऊन उभा राहिला. 

“चाचा, पहाटेपासून तुम्हीच आहात ना वायरलेसवर?”

“हो.”

“दादाच्या होडीवरून मदतीची हाक... तसं काही वाईट तर आलं नाही ना?”

चाचांनी हेडफोन काढून त्याच्या हातात दिले.

“नाही बाळा,” ते म्हणाले. “काहीच आलेलं नाही.”