वखारीत ठेवलेलं घरटं

माणसांच्या आधी प्राण्यांचाच बाजार भरायचा, तेव्हाची ही गोष्ट. तिथे घूसबाईंची वखार होती. वखारीला खण तीनच: दाण्यांचा, काड्या-पानांचा आणि पाण्याचा. वेगळा माल आला की घूसबाई दारातूनच परत पाठवायच्या. त्यांचंही बरोबरच म्हणा, वखार म्हटली की शिस्त हवीच.

एकदा वादळाच्या भीतीने सुगरण आपलं घरटं ठेवायला आली.

"घरट्याचा खण नाही, ताई."

"अहो, उसवलं की काड्याच! हे टोक ओढा, सगळं सुटतं." तिने स्वतः उसवून दाखवलं. घूसबाईंनी काड्या ठेवून घेतल्या.

वादळ सरलं. सुगरण धापा टाकत आली. "घरटं द्या लवकर! अंडी आजच घालायची आहेत."

घूसबाईंनी काड्यांची पेंढी पुढे केली.

"हे काय? मी घरटं दिलं होतं!"

"उसवायचं शिकवलंत, ताई. विणायचं कधी शिकवलंत?"

"एवढंही कळत नाही?" म्हणत सुगरणीने कपाळ बडवलं आणि तिथेच, वखारीच्या दारात, पेंढीवर अंडी घातली. पिल्लं उडेपर्यंत घूसबाई चरफडत राखण करत बसल्या. धंदा बंद.

पुढच्या वादळाआधी शिंपी पक्षी पानांचं घरटं घेऊन आला आणि दोरा ओढून दाखवू लागला. घूसबाईंनी त्याचा पंखच धरला.

"ओढणं राहू द्या हो. आधी शिवायला शिकवा."